मूळपुरुषांचे संसार

१

हिब्रू धर्मग्रंथाच्या आरंभी ‘उत्पत्ती’ हे पुस्तक आहे. त्याच्या ५० अध्यायांपैकी पहिले ११ अध्याय सृष्टीची निर्मिती, जलप्रलय आणि मानववंशाची पांगापांग यांत संपतात. उरलेले ३९ अध्याय एकाच घराण्याच्या वाट्याला आले आहेत. अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, इसहाकाचा मुलगा याकोब आणि याकोबाचे बारा मुलगे अशा चार पिढ्यांची ही हकीकत आहे. साऱ्या विश्वाच्या उत्पत्तीला मिळाली नाही एवढी जागा विहिरीवर ठरलेल्या सोयरिकींना, सवतींच्या चढाओढीला आणि एका बापाने एका मुलावर केलेल्या फाजील प्रेमाला मिळावी, ही गोष्ट प्रथमदर्शनीच विचार करावयास लावणारी आहे.

त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, हे संसार कोणत्याही अर्थाने आदर्श नाहीत. सारा आपली सावत्र बहीण आहे, असे अब्राहाम स्वतःच गरारच्या राजाला सांगतो. लेवीयाच्या पुस्तकातील नियमांप्रमाणे असा विवाह निषिद्ध आहे. याकोबाने दोन सख्ख्या बहिणींशी एकाच काळी संसार केला; तोही त्याच नियमांनी वर्ज्य ठरविला आहे. मराठी बायबलात ‘अनुवाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकाचा दंडक असा की, पुरुषाला दोन बायका असून एक आवडती व एक नावडती असेल आणि ज्येष्ठ पुत्र नावडतीचा असेल, तर त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क आवडतीच्या मुलाला देता येणार नाही. याकोबाने नेमके हेच केले. म्हणजे ज्या ग्रंथाने नियम सांगितले, त्याच ग्रंथाने त्या नियमांत न बसणारे आपले पूर्वजही जसेच्या तसे ठेवले. संकलकांना हा विरोध दिसला नसेल, असे मानणे कठीण आहे. दिसूनही त्यांनी पूर्वजांना धुऊनपुसून घेतले नाही.

या प्रकरणांचे वाचन पुष्कळदा दोन वाटांनी झाले आहे. पहिली वाट समर्थनाची. मूळपुरुष पुण्यशील, तेव्हा त्यांच्या वर्तनाला काहीतरी गूढ हेतू असलाच पाहिजे, असे धरून ही वाट निघते. दुसरी वाट इतिहासशोधनाची. हे सारे प्राचीन पश्चिम आशियातील रीतिरिवाज असून त्यांत नैतिक प्रश्न शोधणे गैरलागू आहे, असा तिचा सूर असतो. दोन्ही वाटांत एक गृहीत समान आहे: निवेदकाला या संसारांविषयी स्वतःचे असे काही म्हणावयाचे नाही. कारण तो क्वचितच भाष्य करतो; कोणी फसविले तर ‘वाईट केले’ म्हणत नाही, कोणी सोसले तर हळहळत नाही. एरिख आउअरबाख याने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात होमरच्या सर्वप्रकाशित वर्णनाशेजारी इसहाकाच्या बलिदानाची कथा ठेवून या अबोलपणाचे सामर्थ्य दाखविले. जे सांगितले नाही त्याच्या दडपणामुळे जे सांगितले त्याला खोली येते, हे त्याचे प्रतिपादन आजही टिकून आहे.

परंतु अबोलपणा म्हणजे तटस्थता नव्हे. या कुटुंबकथांत निवाडा आहे. फक्त तो भाष्यातून न येता पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांतून आणि वस्तूंतून येतो. एका पिढीने उच्चारलेला शब्द दुसऱ्या पिढीच्या तोंडी उलटून येतो, एका फसवणुकीत वापरलेले करडू दुसऱ्या फसवणुकीत पुन्हा हजर होते. हे धागे हाती धरले की, निवेदक बहुपत्नीकत्वाचा किंवा दासीप्रथेचा खटला चालवीत नसून घरातल्या माणसाने घरातल्या माणसावर केलेल्या अन्यायाचा, आणि विशेषतः पक्षपाती प्रेमाचा, हिशेब मांडीत आहे, हे स्पष्ट होते.

२

अब्राहामाच्या संसारावर आरंभापासून एका वचनाचे ओझे आहे. तुझी संतती आकाशातील ताऱ्यांसारखी होईल, असे परमेश्वर त्याला सांगतो. आणि सारा वांझ आहे, हे वाचकाला त्याआधीच कळलेले असते. मूल होणे ही गोष्ट येथे केवळ घरगुती इच्छेची राहत नाही. वचनाचा खरेपणा त्यावर अवलंबून आहे. म्हणून शयनगृहात जे घडते त्यालाच या पुस्तकात इतिहासाचे महत्त्व येते.

सारा आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला देते. ही रीत तिने नव्याने काढलेली नाही. १९०१-०२ च्या हिवाळ्यात सूसा येथे सापडलेल्या हम्मुराबीच्या शिलालेखात याच्याशी जुळणारी कलमे आहेत. विशिष्ट वर्गातील पुजारीण-पत्नीने पतीला दासी दिली, दासीला मुले झाली आणि मग ती मालकिणीची बरोबरी करू लागली, तर मालकिणीने तिला विकू नये, मात्र पुन्हा दासींत जमा करावे, अशी तेथे तरतूद आहे. किरकूकनजीक नूझी येथे १९२५ ते १९३१ या काळात झालेल्या उत्खननातील एका विवाहकरारातही, वधूला मूल न झाल्यास तिने पतीला दासी मिळवून द्यावी, असे कलम आढळते. या पुराव्याच्या आधारे ई. ए. स्पायझर यांच्यासारख्या पंडितांनी मूळपुरुषांच्या कथा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील समाजस्थितीत घट्ट बसविण्याचा प्रयत्न केला. १९७४ मध्ये थॉमस थॉम्पसन आणि १९७५ मध्ये जॉन व्हॅन सेटर्स यांनी त्या मांडणीचे दौर्बल्य दाखविले. तो वाद येथे विस्ताराने पाहण्याचे कारण नाही. कलम काय होते हे शिलालेख सांगतो. त्या कलमाखाली जगणाऱ्या दोन स्त्रियांचे काय झाले, हे मात्र कथाच सांगते.

कथेची मांडणी पाहावी. सारा आणि अब्राहाम हागारेविषयी बोलतात तेव्हा ‘दासी’ म्हणतात. तिचे नाव दोघांपैकी कोणाच्याही तोंडी येत नाही. नाव घेतो तो निवेदक. आणि ती पळून अरण्यात झऱ्यापाशी बसली असता, तिला नावाने पहिली हाक मारतो तो परमेश्वराचा दूत. उलट हागार आपल्याला पाहणाऱ्या देवाला स्वतः नाव देते. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाला असे नाव देण्याचे धाडस दुसऱ्या कोणा माणसाने केलेले नाही. यात दासीप्रथेविरुद्ध एकही वाक्य नाही. तथापि घरात जिला नाव नव्हते तिला अरण्यात नाव मिळाले, एवढ्या रचनेतून घराविषयी जे म्हणावयाचे ते म्हटले गेले आहे.

येथेच आणखी एक शब्द लक्षात घ्यावयास हवा. १५व्या अध्यायात अब्राहामाला सांगण्यात येते की, तुझे वंशज परक्या देशात गुलाम होतील आणि त्यांचा छळ होईल. पुढच्याच अध्यायात सारा हागारेचा छळ करते, आणि दोन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच आहे. पुढे निर्गमाच्या पुस्तकात मिसरी लोकांनी इस्राएलाचा जो छळ केला त्यासाठीही हेच क्रियापद येते. मिसर देशातील छळाची कहाणी ज्यांच्या राष्ट्रजीवनाचा पाया, त्यांच्या मूळपुरुषाच्या तंबूत पहिला छळ झाला तो एका मिसरी बाईचा. तेराव्या शतकातील थोर भाष्यकार रांबान याने या जागी पूर्वजांचा बचाव केला नाही. छळ करण्यात आमच्या मातेने पाप केले आणि तो होऊ देण्यात अब्राहामानेही केले, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. श्रद्धावान वाचकालाही निवेदकाचा निवाडा ऐकू येत होता, याचे हे उत्तम उदाहरण होय.

साराच्या व्यक्तिरेखेवर मात्र याने अन्याय होऊ नये. मिसर देशात गेल्यावर, आपला जीव वाचावा म्हणून नवऱ्याने तिला बहीण म्हणून सांगितले आणि फारोच्या वाड्यात जाऊ दिले. त्याबद्दल त्याला मेंढरे, गुरे, दास आणि दासी मिळाल्या. तिला कोणी विचारले नव्हते. हागारेलाही कोणी विचारले नाही. जिच्यावर परस्पर निर्णय लादला गेला तीच पुढे दुसरीवर परस्पर निर्णय लादते, ही साखळी निवेदकाने दोन जवळजवळच्या प्रकरणांत ठेवली आहे. तिचा अर्थ त्याने सांगितला नाही, पण तो हुकण्याजोगाही ठेवलेला नाही.

सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथे मरते. अब्राहाम तिच्यासाठी शोक करतो आणि एफ्रोन हित्ती याच्याकडून मक्पेलाची गुहा ४०० शेकेल रुपे मोजून विकत घेतो. सगळा देश तुला देईन, असे वचन ज्याला मिळाले होते त्याच्या मालकीची त्या देशातील पहिली जमीन म्हणजे बायकोची कबर. त्या व्यवहाराचा तपशील, सौजन्याच्या आवरणाखालची घासाघीस आणि नगराच्या वेशीत बसलेले साक्षीदार यांसह एका संपूर्ण अध्यायात येतो. शोकाला मात्र अर्धे वाक्य पुरते.

३

इसहाकाचा विवाह २४व्या अध्यायात येतो. हा उत्पत्तीमधील सर्वांत मोठा अध्याय. अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन नाहोराच्या नगरापर्यंत जातो, विहिरीपाशी थांबतो आणि मनाशी एक कसोटी ठरवितो: जी मुलगी मागितल्याशिवाय उंटांनाही पाणी पाजील, तीच वधू. रिबका येते, घागर उतरविते, धावत जाऊन पुन्हा पाणी आणते. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ च्या ‘द आर्ट ऑफ बिब्लिकल नॅरेटिव्ह’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे विहिरीवरील वाङ्‌निश्चय हा हिब्रू कथनाचा ठरीव प्रसंग आहे, आणि त्याचा अर्थ त्याच्या ठरीवपणात नसून त्यातून केलेल्या फेरबदलात आहे. येथील फेरबदल असा की, वर स्वतः हजरच नाही आणि पाणी काढण्याचे काम वधूच करते. इसहाक पुढे आयुष्यभर जवळजवळ गैरहजर राहणार आहे आणि घराचा कारभार रिबकेच्या हाती जाणार आहे, याची ही पूर्वसूचना होय.

माहेरची माणसे तिला विचारतात, जातेस का? ती हिब्रूत एकाच शब्दाने होकार देते. अब्राहामाला मातृभूमी सोडण्याची आज्ञा झाली तेव्हा जे क्रियापद आले होते, तेच रिबकेच्या तोंडी येते. घर सोडून अनोळखी देशात जाण्याचे अब्राहामाचे साहस पुत्रात न उतरता सुनेत उतरले आहे. इसहाक तिला आपल्या मृत आईच्या तंबूत आणतो, तिच्यावर प्रेम करतो आणि आईच्या मृत्यूनंतर त्याचे सांत्वन होते. पतीच्या पत्नीवरील प्रेमाचा हिब्रू धर्मग्रंथातील हा पहिला उल्लेख. तो विवाहाच्या आधी येत नाही, नंतर येतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला नवलाची वाटणार नाही.

वीस वर्षांनंतर जुळे होतात, आणि ‘प्रेम करणे’ हे क्रियापद पुन्हा येते. पण आता ते दुभंगून येते. इसहाकाचे प्रेम एसावावर, कारण त्याच्या शिकारीचे मांस त्याला आवडे. रिबकेचे प्रेम याकोबावर. कारण दिलेले नाही. या एका वाक्यात पुढच्या दोन पिढ्यांचे दुःख साठविलेले आहे. अंध झालेल्या इसहाकाचा आशीर्वाद एसावाऐवजी याकोबाला मिळावा म्हणून रिबका दोन करडे रांधते, त्यांची कातडी याकोबाच्या हातांना आणि मानेला बांधते आणि एसावाची वस्त्रे त्याच्या अंगावर चढविते. हात केसाळ असल्यामुळे इसहाकाने त्याला ओळखले नाही, असे निवेदक सांगतो. एसाव परत येतो तेव्हा तुझ्या भावाने फसवणूक करून आशीर्वाद नेला, असे इसहाक त्याला म्हणतो. ‘ओळखणे’ आणि ‘फसवणूक’ हे दोन शब्द येथे पेरले गेले. पुढची कथा म्हणजे त्यांचे उगवलेले पीक आहे.

रिबकेला शिक्षा झाली असे कोठेही म्हटलेले नाही. शाप आला तर माझ्यावर येवो, असे ती मुलाला सांगते आणि काही दिवसांसाठी म्हणून त्याला आपल्या भावाकडे, लाबानाकडे, पाठविते. ते काही दिवस वीस वर्षांचे होतात. याकोब परत येतो तेव्हा मायलेकांची भेट वर्णिलेली नाही. रिबकेच्या मृत्यूची हकीकतसुद्धा नाही. तिच्या दाईच्या मृत्यूची आहे. वंशावळींची आणि मृत्यूंची एवढी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या ग्रंथात ही रिकामी जागा बोलकी आहे.

४

याकोबही विहिरीवर येतो. राहेल मेंढरे घेऊन आलेली पाहताच तो एकटाच विहिरीच्या तोंडावरचा दगड लोटतो, तिचे चुंबन घेतो आणि रडतो. सात वर्षांची चाकरी त्याला प्रेमामुळे थोड्या दिवसांसारखी वाटते. आणि सात वर्षांनी, रात्रीच्या अंधारात, लाबान राहेलीऐवजी थोरलीला, लेआला, त्याच्याकडे पाठवितो. सकाळ होते आणि ती लेआ असते.

मला का फसविलेस, असे याकोब लाबानाला विचारतो. इसहाकाने जो शब्द एसावाजवळ उच्चारला होता त्याच धातूचे हे क्रियापद आहे. लाबानाचे उत्तर तर त्याहून बोचक आहे: थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्या गावची रीत नाही. धाकटेपणी थोरल्याची जागा बळकावणाऱ्याला हे ऐकावे लागते. प्राचीन यहुदी मिद्राशातील एका आख्यायिकेत याकोब लेआलाच बोल लावतो, आणि ती उलट विचारते की, तुझ्या बापाने तुला एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तू ओ दिली नव्हतीस का? ग्रंथाने जे नुसत्या शब्दसाम्याने सुचविले, ते या आख्यायिकेने लेआच्या मुखातून उघड वदविले.

लेआ नावडती राहिली. परमेश्वराने नावडतीला पाहिले आणि तिची कूस उघडली, असे कथा म्हणते. मराठी व्रतकथांतील नावडत्या राणीची आठवण या ठिकाणी झाल्याशिवाय राहत नाही. परंतु व्रतकथेत दैवी कृपेनंतर राजा नावडतीकडे वळतो आणि संसार सुखाचा होतो. येथे तसे होत नाही. लेआ एकेका मुलाचे नाव ठेवताना आपली आशा त्या नावात घालते: देवाने माझे दुःख पाहिले, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील, देवाने ऐकले, आता तरी तो मला जडून राहील. चौथ्या मुलाच्या, यहूदाच्या, वेळी मात्र ती नवऱ्याचा उल्लेखच करीत नाही, केवळ परमेश्वराची स्तुती करते. चार नावांत एका बाईच्या अपेक्षेचा पूर्ण आलेख आला आहे.

राहेलीचे दुःख उलट्या जातीचे आहे. मला मुले दे, नाहीतर मी मरेन, असे ती नवऱ्याला म्हणते. आणि तो संतापतो. प्रेम असूनही तो तिचे दुःख समजू शकत नाही. पुढे लेआचा मुलगा रऊबेन याला शेतात दुदाईम नावाची, गर्भधारणेस उपकारक मानली गेलेली फळे सापडतात. राहेल ती मागते आणि मोबदल्यात नवऱ्याची एक रात्र बहिणीला देते. संध्याकाळी याकोब शेतावरून येताना लेआ वाटेतच त्याला गाठून सांगते की, मी तुला मोलाने घेतले आहे. या क्रियापदाचा धातू तोच आहे, ज्यापासून बनलेला शब्द वापरून लाबानाने याकोबाला, तुझी मजुरी काय ते सांग, असे विचारले होते. मामाने ज्याला चाकर म्हणून ठरविले, त्याला आता बायकाही मोलाने ठरवितात. आणि त्या बायकांनाही आपण विकल्या गेलो आहोत हे ठाऊक आहे. बापाने आम्हाला विकले आणि आमचे पैसे खाऊन टाकले, असे दोघी बहिणी पुढे एका सुरात बोलतात. साऱ्या पुस्तकात त्या एकमुखाने बोलतात त्या या एकाच प्रसंगी.

घरातील प्रेमाची उतरंड सर्वांत उघडी पडते ती एसावाच्या भेटीच्या वेळी. एसाव ४०० माणसे घेऊन येत आहे, तो हल्ला करील, या भयाने याकोब कुटुंबाची रांग लावतो: पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यामागे लेआ आणि तिची मुले, सर्वांच्या मागे राहेल आणि योसेफ. रांगेत पुढे असणाऱ्या मुलांनी त्या दिवशी स्वतःची किंमत पाहिली असली पाहिजे. निवेदक तसे म्हणत नाही. तो फक्त रांग सांगतो. पुढे लेआची मुलगी दीना हिच्यावर शखेम बलात्कार करतो तेव्हा याकोब गप्प बसतो, आणि तिचे भाऊ शखेमच्या नगराला फसवणुकीने गाठतात. ‘फसवणूक’ हा इसहाकाचाच शब्द येथे तिसऱ्यांदा येतो, आता नातवांच्या संदर्भात.

५

योसेफाचा अंगरखा भाऊ बकऱ्याच्या रक्तात बुडवितात आणि बापाकडे पाठवितात: हा तुमच्या मुलाचा आहे का, ओळखा. याकोब ओळखतो आणि वस्त्रे फाडतो. कातड्याच्या आणि भावाच्या वस्त्राच्या साहाय्याने ज्याने बापाला ओळखू दिले नाही, त्याला त्याचे मुलगे बकऱ्याच्या रक्ताने आणि भावाच्याच वस्त्राने चुकीचे ओळखावयास लावतात.

लगेच पुढचा, ३८वा अध्याय यहूदा आणि त्याची सून तामार यांचा आहे. यहूदाचा थोरला मुलगा एर मरतो. निःसंतान मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने संबंध करून भावाचा वंश चालवावा, या प्रथेप्रमाणे ती ओनानाला दिली जाते. तो आपले कर्तव्य टाळतो आणि मरतो. महाभारतातील नियोगाशी या प्रथेचे साम्य उघड आहे. मात्र तेथे आज्ञा देणारी सत्यवती राजमाता आहे, येथे न्याय मागणारी विधवा एकटी आहे. यहूदा धाकटा शेला मोठा होईपर्यंत थांब म्हणून तिला माहेरी पाठवितो आणि विसरून जातो. ती बुरखा घेऊन वाटेवर बसते. तो तिला वेश्या समजतो, एक करडू देण्याचे कबूल करतो आणि तारण म्हणून मुद्रा, दोरी आणि काठी देतो. तीन महिन्यांनी ती गरोदर असल्याचे कळते तेव्हा तिला जाळण्याची आज्ञा तोच देतो. ती वस्तू पाठविते: या कोणाच्या आहेत, ओळखा. यहूदा ओळखतो, आणि ही माझ्याहून नीतिमान आहे, असे जाहीरपणे कबूल करतो.

स्पायझर यांनी १९६४ च्या आपल्या टीकाग्रंथात हा अध्याय पूर्णतः स्वतंत्र असून योसेफकथेत अडथळा आणणारा आहे, असे मत दिले होते. निरनिराळ्या मूळ धाग्यांतून हा ग्रंथ गुंफला गेला, हा वेलहाउझेनपासून चालत आलेला विचार त्यामागे आहे, आणि त्या विचारात तथ्यही आहे. पण धागे अनेक असले म्हणजे वीण नसतेच, असे होत नाही. ‘ओळखा’ हा हुकूम दोन्ही प्रसंगी त्याच रूपात, त्याच शब्दांनी येतो. प्राचीन मिद्राशकारांनीही तो ऐकला होता. बापासमोर वस्त्र पाठविणाऱ्यांत यहूदा होता. आता त्याच्यासमोर वस्तू आल्या आहेत. अध्याय कोठूनही आलेला असो, तो जेथे ठेवला आहे तेथे ठेवणाऱ्याला काय करावयाचे होते ते ठाऊक होते.

कारण या अध्यायानंतरचा यहूदा निराळा आहे. दुष्काळात भाऊ मिसर देशात जातात. योसेफ त्यांना ओळखतो, त्यांना तो ओळखू येत नाही आणि तो त्यांच्याशी अनोळखी होऊन वागतो. हे तिन्ही शब्द हिब्रूत एकाच धातूचे आहेत. राहेलीचा दुसरा मुलगा बन्यामीन याला गुलाम म्हणून ठेवून घेण्याची वेळ येते तेव्हा यहूदा पुढे होऊन बोलतो. त्या भाषणात तो बापाचे उद्गार सांगतो: माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले. हे बोलणारा लेआचा मुलगा आहे. आपल्या आईला बाप बायको म्हणून मोजतच नाही, हे तो परक्या अधिकाऱ्यासमोर, कडवटपणाचा एक शब्दही न काढता, सांगतो. आणि बापाचा जीव या मुलाच्या जिवाशी जडला आहे म्हणून त्याच्याऐवजी मला गुलाम करा, अशी विनवणी करतो. योसेफाला विकण्याची कल्पना यहूदाचीच होती, हे वाचक विसरलेला नसतो.

चार पिढ्यांच्या या हकीकतीचा कळस येथे आहे. याकोबाचे प्रेम शेवटपर्यंत न्यायी होत नाही. त्या अन्यायामुळे भाऊ भावाला विकावयास निघाले होते. आता अन्याय तसाच असताना नावडतीचा मुलगा आवडतीच्या मुलासाठी स्वतःला विकावयास निघाला आहे. घरातील प्रेम समान वाटले गेले म्हणून घर वाचत नाही. ज्याला कमी मिळाले त्याने सूड सोडून दिला म्हणून ते वाचते. ही नीती सुखद नाही. कमी मिळालेल्यावरच सारा भार टाकणारी म्हणून तिच्याविरुद्ध आक्षेपही घेता येईल. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये हागारेच्या कथेचे जे वाचन केले, ते याच आक्षेपाच्या दिशेने जाते: हागारेचा हिशेब या घराने कधीच पुरा केला नाही. परंतु ग्रंथाने तो हिशेब लपविलेलाही नाही, हेही तेवढेच खरे.

६

निवाडा शब्दांच्या पुनरावृत्तीत आहे, हे मान्य केले की भाषांतराचा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. एकच शब्द जवळजवळ दोनदा आला तर दुसऱ्यांदा पर्याय योजावा, अशी चांगल्या गद्याची शिकवण सर्वत्र दिली जाते. मराठीतही दिली जाते. या ग्रंथाच्या बाबतीत ती घातक ठरते. एके ठिकाणी ‘ओळखा’, दुसरीकडे ‘तपासून पाहा’ आणि तिसरीकडे ‘परकेपणाने वागला’ असे भाषांतर केले, तर प्रत्येक वाक्य निर्दोष होईल आणि कथेतील न्यायाधीश नाहीसा होईल. सुदैवाने मराठीजवळ साधने आहेत. ‘ओळख’ आणि ‘अनोळखी’ ही जोडी हिब्रूतील धातूची दोन्ही टोके पकडते. ‘मोल’ या शब्दात मजुरी आणि किंमत एकत्र नांदतात, तेव्हा लाबान, लेआ आणि विकल्या गेलेल्या दोघी बहिणी यांची बोलणी एका शब्दावर तोलता येतात. ‘नावडती’ला तर दुसऱ्या अनेक भाषांत इतका नेमका आणि घरगुती प्रतिशब्द मिळणे कठीण.

मराठीचे या कथांशी नाते उसने नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या समाजाने याच पूर्वजांची चरित्रे कीर्तनाच्या रूपात मराठीत गायिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सर्वसामान्य स्त्रीपुरुषांना समजेल अशा मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्यानंतर ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. परित्यक्ता आणि विधवा यांच्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या हातून हागार, लेआ आणि तामार यांच्या कथा मराठीत उतरल्या, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाने अधिक गांभीर्याने लक्षात घ्यावयास हवी.

या घराण्याची शेवटची नोंदही निवेदकाच्या रीतीनेच येते. राहेल बन्यामीनाला जन्म देताना वाटेत मेली आणि वाटेवरच पुरली गेली. याकोब मरतेसमयीही ती आठवण काढतो. आपल्याला कोठे पुरावे हे सांगताना मात्र तो मक्पेलाच्या गुहेचे नाव घेतो, आणि तेथे कोण कोण आहेत ते मोजतो: अब्राहाम आणि सारा, इसहाक आणि रिबका. तेथे मी लेआला पुरले, एवढे सांगून तो थांबतो. राहेलीवर आयुष्यभर प्रेम करणारा याकोब अखेर लेआच्या शेजारी विसावला. ते प्रायश्चित्त होते, कर्तव्य होते की केवळ घराण्याची रीत, हे ग्रंथ सांगत नाही.